मधुमेह आणि जेवणाची वही: काय लिहायचं आणि लिहिलेलं वाचायचं कसं

पाटीपेन्सिल

मधुमेह आहे असं कळलं की पहिल्या दोन-तीन भेटींत कुणीतरी सांगतंच, "काय खाता ते लिहून ठेवत जा." सल्ला अगदी योग्य आहे. पण कसं लिहायचं आणि लिहिलेल्याचं पुढे करायचं काय, हे समजावून सांगायला तिथे कुणाला वेळ नसतो. मग वहीत "सकाळी चहा-नाश्ता, दुपारी जेवण, रात्री हलकं" अशा ओळी भरत जातात, पुढच्या भेटीत डॉक्टर त्यावरून नजर फिरवतात आणि वही कपाटात जाते. लिहिणाऱ्याने मेहनत केलेली असते, पण त्या ओळींमधून कुणालाच काही कळण्यासारखं नसतं.

मला बरीच वर्षं टाइप २ मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. वहीने मला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कशानेच शिकवलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझं म्हणणं एकच आहे: जेवण आणि शुगर एकाच ओळीत लिहा. नुसती शुगर लिहिली तर आकड्यांची रांग तयार होते, नुसतं जेवण लिहिलं तर पदार्थांची यादी. कशामुळे काय झालं हे दोन्ही शेजारी शेजारी आल्यावरच दिसतं.

एचबीए१सी आहे की मग, असं काही जण म्हणतील. ती तपासणी हवीच. हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना ग्लुकोज चिकटलंय ते ती सांगते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज त्यातून मिळतो. ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४ मिग्रॅ (दर डेसिलिटर रक्तात; खालचे शुगरचे आकडेही याच मापात आहेत). पण ती सरासरी आहे. एकाची शुगर दिवसभर दीडशेच्या आसपास राहते, दुसऱ्याची ७० ते २५० अशी वरखाली होते, आणि दोघांच्या रिपोर्टवर ७ च छापून येतो. गडबड नेमकी कोणत्या जेवणात आहे ते वहीच सांगते.

माझ्या वहीतल्या तीन ओळी देते, म्हणजे नीट लक्षात येईल. तिन्ही दुपारच्या जेवणाच्या आहेत, दिवस वेगवेगळे.

१.१० – शिजलेला भात दीड वाटी, उकडलेली अंडी २, काकडी. आधी ११८, ३.१० ला २०६. जेवून लगेच बसून काम.

१.०५ – भात पाऊण वाटी, बाकी तेच. आधी १२१, ३.०५ ला १६४. बसून काम.

१.१५ – भात दीड वाटी, बाकी तेच. आधी ११६, ३.१५ ला १७२. जेवणानंतर वीस मिनिटं चालले.

पहिल्या ओळीच्या तुलनेत दर वेळी एकच गोष्ट बदलली आहे. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या असत्या तर कशाचा गुण आला ते कळलंच नसतं. भात कमी करणं आणि चालून येणं, दोन्ही मला लागू पडतात हे यातून कळलं. ज्या दिवशी भूक जास्त असते त्या दिवशी चालायचं, एवढं मी ठरवून टाकलं.

वेळ घासाच्या सुरुवातीची लिहा. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. "इतर" असा एक रकाना ठेवा: औषध कधी घेतलं, झोप कशी झाली, ताप, ताण, चालणं. तो रकाना रिकामा राहिला की अर्ध्या आकड्यांचा उलगडाच होत नाही.

तुम्ही कसं लिहिता? काय अडतं? सविस्तर लिहा.

चष्मेवाला

ताई, फार कामाचं लिहिलंत. पण एक शंका. दिवसातून तीन जेवणं, प्रत्येकाच्या आधी आणि नंतर म्हणजे सहा वेळा बोट टोचायचं. आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांना ते रोज कसं जमणार? स्ट्रिपा संपतात ते वेगळंच, आणि बोटांची टोकं बधिर होतात.

पाटीपेन्सिल

काका, रोज सहा वेळा मुळीच करू नका. मीही करत नाही. एका आठवड्यात एकच जेवण निवडायचं. या आठवड्यात नाश्ता: आधी एकदा, दोन तासांनी एकदा. बाकीची जेवणं फक्त लिहायची, टोचायचं नाही. पुढच्या आठवड्यात दुपारचं जेवण, त्यानंतर रात्रीचं. रोज दोनदाच टोचणं होतं आणि महिन्याभरात तिन्ही जेवणांचं चित्र हातात येतं.

आणि बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. तिथे दुखतं कमी. रोज बोट बदला.

ओपीडीनंतर

मी फिजिशियन आहे. धागा वाचून फार बरं वाटलं, म्हणून वेळ काढून लिहितो.

पाटीपेन्सिल यांनी सांगितलेली जेवणाआधी आणि नंतर अशी जोडीने तपासण्याची पद्धत उत्तम आहे. आकड्यांबद्दल थोडं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार बऱ्याच प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी १८० च्या खाली हे लक्ष्य धरतात. हे सरसकट सगळ्यांना लागू नाही. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, शुगर वारंवार खाली जात असेल तर आम्ही मुद्दाम थोडं सैल लक्ष्य देतो. गरोदरपणातल्या मधुमेहात ते जास्त कडक असतं: उपाशीपोटी ९५ च्या खाली, एका तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. तेव्हा स्वतःचं लक्ष्य आपल्या डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

आता मीटरबद्दल. घरचे मीटर ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर तपासले जातात त्यात (२०१३ ची आवृत्ती) १०० आणि त्यावरच्या शुगरसाठी १५ टक्के इकडेतिकडे चालतं, आणि १०० पैकी ९५ वेळा आकडा त्या मर्यादेत असावा लागतो. म्हणजे खरी शुगर १६० असेल तर मीटरवर १३६ ही येऊ शकते आणि १८४ ही. म्हणून काल १६२ आणि आज १७१ यात काही अर्थ शोधत बसू नका. तेच जेवण दोन-तीन वेळा तपासून आकडे एकाच दिशेला जाताहेत का ते पाहा. पाटीपेन्सिल यांच्या पहिल्या दोन ओळींत चाळीसच्या वर फरक आहे. तो दखल घेण्याजोगा आहे, पण तोही एकदा पडताळून पाहावा.

मोरपीस

हात धुण्याचं कुणीतरी लिहा असं म्हणणार होते, मीच लिहिते. फळ सोलल्यावर तसंच बोट टोचलं तर त्वचेवरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा भलताच वर येतो. सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा पुरत नाही, पाण्यानेच धुवायचे आणि कोरडे करायचे. ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. वहीत एखादा आकडा वेडावाकडा दिसला तर आधी धुतलेल्या हाताने पुन्हा तपासा.

हिरवी_ताटली

आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. रोज वह्या बघते, त्यामुळे काय सुटतं ते सांगते.

सर्वांत जास्त सुटतं ते "जेवण" न वाटणारं खाणं. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेलं संपवणं, फोनवर बोलता बोलता तोंडात टाकलेले शेंगदाणे, चहातली साखर, औषधाबरोबर घेतलेलं अर्धा कप दूध. लपवायचं म्हणून नाही, लक्षातच राहत नाही. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक प्रसिद्ध अभ्यास आला होता. "आम्ही इतकं कमी खातो तरी वजन उतरत नाही" असं सांगणाऱ्यांनी प्रत्यक्षात किती ऊर्जा घेतली ते शास्त्रीय पद्धतीने मोजलं. त्यांनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगितली गेली होती. अभ्यास अगदी थोड्या लोकांवरचा आहे, पण माझ्या टेबलावर रोज जे दिसतं त्याच्याशी जुळतो.

उपाय साधा आहे. रात्री झोपताना आठवून लिहू नका. खाण्याआधी किंवा ताट उचलायच्या आत लिहा. दुपारी चारला खाल्लेली दोन बिस्किटं रात्री अकराला आठवत नाहीत.

दुसरं प्रमाणाचं. "एक वाटी" म्हणजे किती? घरात तीन मापांच्या वाट्या असतात. रोजची वाटी ठरवा, त्यात शिजलेला भात भरून एकदाच वजनकाट्यावर ठेवा आणि तो आकडा वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. शिजलेल्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅमला साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. वाटीत १५० ग्रॅम बसत असेल तर एका वाटीला बेचाळीसच्या आसपास. एकदा हे केलं की पुढे रोज काटा काढायची गरज नाही.

रानवारा

मला वेगळंच सांगायचंय. मी ही वही बंद केली. प्रत्येक घासाला परीक्षा द्यायला बसल्यासारखं व्हायचं. आकडा जास्त आला की दिवसभर मन खट्टू, मग पुढच्या जेवणाला भीती. कुणाबरोबर जेवायला जायचं तर आधी वही आठवायची. ज्यांना जमतं त्यांना जमो, पण ती सगळ्यांना चांगलीच असं लिहू नका, एवढीच विनंती.

हिरवी_ताटली

रानवारा, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. तुम्ही एकट्या नाही आहात. मधुमेहाबरोबर खाण्याविषयीची भीती, उपाशी राहणं, मग एकदम खूप खाणं हे बरेचदा दिसतं. टाइप १ (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) असलेल्या काही तरुण मुली वजनाच्या भीतीने इन्सुलिनच कमी घेतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. असं काही असेल तर ग्रॅम आणि कॅलरी लिहिणं ताबडतोब थांबवावं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. वही नसली तरी उपचार होतात.

आणि ज्यांना लिहायचंय पण मनावर ताण येतो त्यांना मी तीन गोष्टी सांगते. "चांगलं", "वाईट", "पाप केलं" असे शब्द वहीत अजिबात नकोत, नुसता आकडा आणि पदार्थ. रोज लिहू नका, डॉक्टरांच्या भेटीआधी काही दिवस लिहा. आणि तुमची वही घरातल्या कुणी तुम्हाला न विचारता उघडायची नाही.

रानवारा

शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. घरात सगळेच ती वही बघून शेरे मारायचे. तेच जास्त लागायचं बहुतेक.

लेकीची_आई

माझ्या मुलीला टाइप १ आहे, शाळेत जाते. आमच्याकडे वही ऐच्छिक नाही, कारण इन्सुलिनचा डोस खाण्यातल्या कर्बोदकांवर ठरतो. कर्बोदकं किती ग्रॅम, डोस किती युनिट, आधीची शुगर, नंतरची शुगर, खेळाचा तास होता का. सुरुवातीला डोकं भणभणायचं, आता हात आपोआप लिहितो.

एक गोष्ट वहीशिवाय कधीच लक्षात आली नसती. चीज आणि तळलेलं असं काही खाल्लं की दोन तासांनी शुगर छान, १४० वगैरे. आम्ही निश्चिंत. मग रात्री उशिरा २६०. मेद आणि प्रथिनं जास्त असली की पोट हळू रिकामं होतं आणि शुगर उशिरा चढते. दोन तासांचा आकडा तेव्हा फसवा असतो. रात्रीच्या आकड्यांखाली मी संध्याकाळचं खाणं लिहायला लागले तेव्हा सलग तीच गोष्ट दिसली. डॉक्टरांना पानं दाखवली, त्यांनी अशा जेवणासाठी डोस विभागून द्यायला शिकवलं. स्वतःच्या मनाने केलं नाही आम्ही.

कंटाळा येतो तेव्हा मी डीसीसीटी नावाच्या अभ्यासाची आठवण काढते. टाइप १ असलेल्या १,४४१ जणांचा होता, निकाल १९९३ मध्ये आले. ज्यांनी दिवसातून किमान चार वेळा तपासून खाण्या-व्यायामाप्रमाणे डोस जुळवला त्यांच्यात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. लेकीचे डोळे आहेत ते. मला लिहायला अवघड वाटत नाही मग.

दोन_पावलं

वही की ॲप? मी फोनवर ताटाचा फोटो काढतो. पाच सेकंदांचं काम, वेळ आपोआप नोंदली जाते. शुगर त्या फोटोखाली टाइप करतो. कुणी असं करतं का?

चष्मेवाला

आमची वहीच बरी. पान उलटलं की आठवडा समोर.

पाटीपेन्सिल

फोटो उत्तम. दोन अडचणी तेवढ्या लक्षात ठेवा: ताटात किती होतं ते दिसतं पण किती खाल्लं ते दिसत नाही, आणि चहातली साखर किंवा भाजीतलं तेल फोटोत येत नाही. खाऊन झाल्यावर उरलेल्या ताटाचा आणखी एक फोटो काढा आणि एक शब्द खाली लिहा. जे साधन तुम्ही सहा महिन्यांनीही वापरत असाल ते तुमचं. माझं वहीचं जमतं कारण मला एका पानावर सात दिवस एकाखाली एक दिसायला लागतात.

पायवाट

मी दंडावर सेन्सर लावतो, सीजीएम, म्हणजे दिवसरात्र आपोआप शुगर मोजत राहणारा. त्यामुळे टोचणं जवळपास बंद. पण धागा वाचून एक कबूल करायलाच हवं, की नुसत्या आलेखाला जेवणाची जोड नसेल तर तोही मुका असतो. रात्री नऊला डोंगर दिसतो, पण त्या दिवशी नऊला काय खाल्लं होतं? सेन्सरच्या ॲपमध्ये जेवण टिपायची सोय असते, ती वापरा.

नव्या लोकांसाठी: सेन्सर रक्तातलं नाही, पेशींभोवतीच्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो. त्यामुळे तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. शुगर झपाट्याने उतरत असेल आणि अंगाला घाम-थरथर जाणवत असेल तर सेन्सरवर विसंबू नका, बोट टोचून बघा. एरवी ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा किमान ७० टक्के वेळ राहणं हे बऱ्याच प्रौढांसाठी लक्ष्य धरतात, आणि ते मला एचबीए१सीपेक्षा रोजच्या जगण्यात जास्त उपयोगी वाटतं.

मोरपीस

कुणीतरी मला सांगा, इंटरनेटवर पदार्थांचे ग्लायसेमिक इंडेक्सचे, म्हणजे कोणता पदार्थ शुगर किती चढवतो त्याचे, तक्ते असतात. ते पाठ केले तर वहीची गरज काय?

ओपीडीनंतर

चांगला प्रश्न. ही कल्पना १९८१ मध्ये टोरंटोतल्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली आणि ती उपयोगाची आहे. पण तक्त्यातला आकडा म्हणजे काही लोकांना ५० ग्रॅम कर्बोदकं बसतील इतका तो एकच पदार्थ उपाशीपोटी देऊन काढलेली सरासरी. तुम्ही पदार्थ एकटा खात नाही, बरोबर भाजी, अंडं, तेल असतं. ५० ग्रॅमही मोजून खात नाही.

शिवाय माणसामाणसांत फार फरक असतो. २०१५ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटने ८०० जणांना सेन्सर लावून आठवडाभर त्यांचं खाणं नोंदवून घेतलं. तेच जेवण घेऊनही वेगवेगळ्या लोकांची शुगर फार वेगवेगळी चढली. तक्ता वाचून अंदाज बांधा आणि स्वतःच्या वहीत तो तपासा.

खाण्याचा क्रमही तपासून बघण्यासारखा आहे. आधी भाजी आणि प्रथिनं, शेवटी भात किंवा ब्रेड असं खाल्ल्यावर जेवणानंतरची शुगर कमी चढल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. तुम्हाला लागू पडतं का, ते दोन-चार जोड्या लिहून तुम्हालाच कळेल.

सकाळी_सहा

माझं कोडं वेगळं आहे. रात्री झोपताना १२५, सकाळी उठल्यावर १६०. मध्ये काहीही खाल्लेलं नाही! रात्रीचं जेवण कमी कमी करत गेलो, तरी तेच. वहीत लिहिलंय सगळं.

ओपीडीनंतर

पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन ते सांभाळून घेतं, मधुमेहात तेवढं जमत नाही. हे फार जणांना होतं. रात्रीचं जेवण आणखी कमी करून ते सुटेलच असं नाही, उगाच उपाशी झोपू नका.

इन्सुलिन घेत असाल तर मात्र पहाटे तीनच्या सुमारास एक-दोन दिवस तपासा. झोपेत शुगर खाली जातेय का हे पाहणं गरजेचं असतं. झोपतानाचा, तीनचा आणि उठल्यावरचा असे तीन आकडे असलेलं पान डॉक्टरांना दाखवा. औषधाची वेळ किंवा प्रकार बदलून बरेचदा काम होतं. तो निर्णय डॉक्टरांचा, वही बघून स्वतः डोस बदलायचा नाही.

सकाळी_सहा

धन्यवाद डॉक्टर. मी स्वतःलाच दोष देत होतो इतके दिवस.

ओसरी

आमच्या आईला लिहिता-वाचता येत नाही, नजरही कमी झालीय. दिवसभर घरी एकटी असते. गोळ्या आहेत. संध्याकाळी मी विचारते तेव्हा "खाल्लं गं थोडंसं" एवढंच सांगते. तिची वही कशी ठेवायची?

हिरवी_ताटली

ओसरी, असे रुग्ण मी पुष्कळ पाहते. एका मोठ्या कागदावर तीन चित्रं काढा: सूर्य उगवताना, डोक्यावर, चंद्र. भात किंवा ब्रेडसाठी एक रंग, फळासाठी एक, गोड पदार्थासाठी एक. एक वाटी खाल्ली की त्या चित्राखाली त्या रंगाची एक रेघ. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना रेघा छान जमतात. गोळी घेतली की बरोबरची खूण.

शुगर तुम्ही घरी असाल तेव्हा तपासा, एक वेळ ठरवून. सुट्टीच्या दिवशी दुपारचीही घ्या, म्हणजे ती एकटी असते त्या वेळचा थोडा अंदाज येईल.

आणि विचारताना "काय खाल्लंस?" याऐवजी "आज काय काय होतं जेवायला?" असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाला लोक बचाव करतात, दुसऱ्याला गप्पा मारतात.

पाटीपेन्सिल

ओसरी, माझ्या सासूबाईंच्या बाबतीत त्यांनी रेघा स्वतः ओढणं फार महत्त्वाचं ठरलं. मी ओढायचे तेव्हा ती माझी तपासणी होती. खडू त्यांच्या हातात गेल्यावर त्या स्वतःच सांगायला लागल्या, "आज दुपारी दोन झाल्या."

लेकीची_आई

शुगर खाली जाण्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. ती नोंद सगळ्यांत आधी हवी.

ओपीडीनंतर

बरोबर. ७० च्या खाली म्हणजे हायपो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळ. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा होत नाही.

त्या क्षणी वही शोधू नका. १५ ग्रॅम पटकन शोषली जाणारी साखर घ्या, उदाहरणार्थ ग्लुकोजच्या गोळ्या, किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यात, किंवा अर्धा कप फळांचा रस. १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेच. अकार्बोज ही मधुमेहाची गोळी घेत असाल तर साधी साखर लवकर शोषली जात नाही, ग्लुकोजच लागतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तातडीची मदत बोलवायची.

सावरल्यावर मात्र त्याच दिवशी लिहा: किती वाजता, आकडा किती, त्याआधीचं जेवण केव्हा आणि किती, डोस किती, चालणं-कष्ट किती झाले होते, काय घेतल्यावर सावरलं. रुग्ण मला उंच आकडे उत्साहाने दाखवतात आणि खालचे सांगायचे राहून जातात. मला खालचे आधी हवे असतात, कारण त्यावर औषध बदलावं लागतं.

दोन_पावलं

सर, भेटीला येताना किती पानं आणायची? मी मागच्या वेळी सगळी वही नेली आणि डॉक्टरांनी मिनिटभरात परत दिली. वाईट वाटलं.

ओपीडीनंतर

साहजिक आहे वाईट वाटणं. ओपीडीत एका रुग्णाला मिळणारा वेळ थोडा असतो. मागच्या दोन आठवड्यांची पानं आणा आणि त्यावर स्वतः आधी काम करून आणा. १८० च्या वरचे जेवणानंतरचे आकडे लाल पेनाने गोल करा, ७० च्या खालचे निळ्याने. मग फक्त लाल गोलांच्या ओळी वाचा. तेच जेवण आहे का? तोच वार? औषध उशिरा घेतलेला दिवस? आजारपण? सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर शुगर चढते आणि दुपार-संध्याकाळचे आकडे जास्त बिघडतात, ती तारीख ठळक लिहा. जे दिसेल त्यातून एक-दोन प्रश्न वरच्या बाजूला लिहून आणा. "नाश्त्यानंतर रोज २०० च्या वर का जातं?" असा प्रश्न घेऊन आलेल्या रुग्णासाठी मी त्याच मिनिटभरात पुष्कळ काही करू शकतो.

चष्मेवाला

आणि हे जन्मभर लिहायचं का?

पाटीपेन्सिल

काका, मी तरी नाही लिहीत जन्मभर. माझी रोजची जेवणं मला आता पाठ आहेत, त्यांच्या ओळी पुन्हा पुन्हा लिहून नवं काही मिळत नाही. औषध बदललं, आजारी पडले, कामाच्या वेळा बदलल्या, एचबीए१सी अचानक वाढलं, किंवा कधी न खाल्लेलं काही नियमित खायला लागले, की वही उघडते आणि दोन-तीन आठवडे नेटाने लिहिते. डॉक्टरांच्या भेटीआधीचे दोन आठवडे मात्र चुकवत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांचं वेगळं, त्यांनी डॉक्टर सांगतील तसं.

तुम्ही या आठवड्यात नाश्त्यापासून सुरू करा. आधीचा आकडा, काय आणि किती, पहिला घास किती वाजता, दोन तासांनंतरचा आकडा, आणि "इतर" मध्ये रात्री झोप कशी झाली ते. रविवारी इथेच चार-पाच ओळी टाका, आपण मिळून वाचू.

चष्मेवाला

उद्यापासून सुरू. वाटीचं वजन आजच करतो.